शंभर वर्षांनी एक मोहरी

फोडणीच्या डब्यातला मोहरीचा एक दाणा बोटावर घ्या. फार तर दोन मिलिमीटरचा असेल. आता लोखंडी तटाचे एक नगर मनात उभे करा: एक योजन लांब, एक योजन रुंद, एक योजन उंच, आणि या दाण्यांनी गच्च भरलेले. दर शंभर वर्षांनी कोणी एक माणूस तिथे येतो, एक दाणा उचलतो आणि निघून जातो. अशाने नगरातली सगळी मोहरी संपेल, पण कल्प संपायचा नाही.

ही उपमा पाली संयुत्तनिकायातली. श्रावस्तीत एका भिक्खूने बुद्धांना विचारले होते, कल्प केवढा असतो? बुद्ध म्हणाले, तो फार लांब असतो. इतकी वर्षे, इतकी शतके, इतके लाख असे मोजून सांगणे सोपे नाही. मग उपमा तरी देता येईल का, असे भिक्खूने पुन्हा विचारले, तेव्हा उत्तरादाखल ही मोहरी आली.

बुद्धांनी आकडा दिला नाही. आपण काढून पाहू. योजनाचे माप ग्रंथागणिक बदलते. कुठे ते सात किलोमीटरच्या आसपास पडते, कुठे तेराच्या. १२ धरू. नगराचे आकारमान झाले १,७२८ घन किलोमीटर. कोयना धरण काठोकाठ भरते तेव्हा त्यात तीन घन किलोमीटरच्या आतबाहेर पाणी असते, म्हणजे हे नगर पावणेसहाशे कोयनांएवढे. प्रत्येक दाण्याला दोन मिलिमीटरचा चौकोनी खण दिला, तर एका घनमीटरात साडेबारा कोटी दाणे बसतात आणि अख्ख्या नगरात २१६ वर १८ शून्ये इतके. दाण्यामागे शंभर वर्षे. एकूण वर्षे झाली २१६ वर २० शून्ये.

असला आकडा वाचून काही होत नाही. डोळा शून्यांवरून घसरून पुढे जातो. म्हणून तो उलटा फिरवून पाहावा. आजच्या विज्ञानाच्या हिशेबाने विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. महास्फोटाच्या क्षणापासून तो माणूस न चुकता येत राहिला असता, तर आजवर त्याने किती मोहरी उचलली असती? १३ कोटी ८० लाख दाणे. एक घनमीटर आणि वर थोडी. गच्चीवरच्या हजार लिटरच्या पाण्याच्या टाकीत ती जवळजवळ सगळी मावली असती. तारे पेटले आणि विझले, पृथ्वी झाली, समुद्र आले, मासे आले, माणसे आली, आणि एवढ्या अवधीत उपसली गेली एक टाकी. पावणेसहाशे कोयना अजून तशाच भरलेल्या.

त्याच संयुत्तनिकायात, थोडे अलीकडे, आसवांचे सूत्र आहे. बुद्ध भिक्खूंना विचारतात: या जन्मोजन्मीच्या लांब वाटेने चालताना, नावडते पदरी पडले आणि आवडते हातचे गेले म्हणून तुम्ही जी आसवे गाळलीत ती जास्त, की चार महासमुद्रांतले पाणी जास्त? आसवे जास्त, असे तिथे उत्तर आहे. आईच्या मरणाची आसवे, मुलाच्या, बहिणीच्या, अशी ती सूत्रात एकेक करून सांगितली आहेत.

इथेही हिशेब मांडता येतो. एका आयुष्यात माणूस दहा लिटर आसवे गाळतो असे समजा. आयुष्य पन्नास वर्षांचे समजा. मोहरीच्या एका कल्पात अशी सुमारे ४ वर २० शून्ये इतकी आयुष्ये बसतात. पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांचे पाणी सुमारे १३३ कोटी घन किलोमीटर आहे. गुणाकार-भागाकार करून पाहिला, तर एका माणसाच्या एका कल्पाच्या आसवांनी ते सगळे समुद्र तीनदा भरतात. आणि सूत्र एका कल्पापुरते बोलत नाही. मागे किती कल्प गेले त्याचा आरंभच दिसत नाही, असे त्याचे म्हणणे आहे.

हे उत्तर पहिल्यांदा हाती आले तेव्हा मी वही मिटून बराच वेळ बसून राहिलो. दोन वेगवेगळ्या उपमा, एक मोहरीची, एक आसवांची, आणि दोन्हींचा मेळ बसतो. अशा वेळी मनात लगेच उठते की बुद्धांना हे ठाऊक असणार. पण दहा लिटर मी धरले, पन्नास वर्षे मी धरली, योजनही माझ्या सोयीचे घेतले. मेळ मी बसवला होता. तेव्हापासून बौद्ध ग्रंथांतला कुठलाही अवाढव्य आकडा दिसला की मी आधी विचारतो: हा आकडा जगाविषयी काही सांगायला आला आहे, की ऐकणाऱ्याला हलवायला?

कारण विश्वाच्या मापाविषयी खुद्द बुद्धांची भूमिका स्वच्छ आहे. मज्झिमनिकायात मालुंक्यपुत्त नावाचा भिक्खू त्यांच्यापुढे अडून बसतो. जग शाश्वत आहे की अशाश्वत? सान्त की अनन्त? जीव आणि शरीर एकच की वेगळे? असे दहा प्रश्न, आणि उत्तरे मिळाली नाहीत तर संघ सोडतो म्हणतो. बुद्ध उत्तर देत नाहीत. विषारी बाण लागलेल्या माणसाची उपमा देतात: बाण कोणी मारला, तो कोणत्या जातीचा, उंच की ठेंगणा, धनुष्याची दोरी कशाची, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही म्हणणारा माणूस ते कळायच्या आत मरेल. ज्यांनी विश्व केवढे आहे हे सांगायचे नाकारले, त्यांच्याच तोंडी मोहरीचे नगर आणि आसवांचे समुद्र आहेत. यात विसंगती दिसते खरी, पण मला ती वाटत नाही. मेलेले मूल कडेवर घेऊन फिरणाऱ्या किसा गौतमीकडून त्यांनी मागितलेली मोहरीही हीच. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातली ती हवी होती. तिथे एकही दाणा मिळाला नाही, आणि इथे अख्खे नगर भरले आहे. दोन्हीकडे मोजायचे आहे ते दुःख.

आंधळ्या कासवाचीही तीच गोष्ट. समुद्रात एका भोकाचे जोखड तरंगते आहे, वारा ते चारी दिशांना ढकलतो आहे. तळाशी एक आंधळे कासव आहे, ते शंभर वर्षांतून एकदाच वर येते. त्याची मान नेमकी त्या भोकात यावी, तितका मनुष्यजन्म दुर्मीळ. पृथ्वीवरच्या समुद्रांचा पृष्ठभाग ३६ कोटी चौरस किलोमीटर, आणि भोक फूटभर लांब-रुंद धरले, तर योग येण्याची सरासरी वाट ४ वर १७ शून्ये इतक्या वर्षांची निघते. विश्वाच्या आजच्या वयाच्या जवळजवळ तीन कोटी पट. जीवशास्त्राच्या पुस्तकात या आकड्याला जागा नाही. ज्याला तो ऐकवला, त्याने उठून काही करावे एवढ्यासाठी तो आहे.

पुढच्या शतकांत मात्र आकड्यांची गोडी वाढत गेली. संस्कृत ललितविस्तरात सिद्धार्थाच्या लग्नाआधी परीक्षा होते. दंडपाणी शाक्य आपली मुलगी गोपा द्यायला तयार नाही. राजवाड्यात वाढलेल्या मुलाला विद्या येते कुठे, ही त्याची शंका. मग धनुर्विद्या, कुस्ती आणि त्यांच्या बरोबरीने गणित. अर्जुन नावाचा गणिती विचारतो, कोटीच्या पुढची शंभरपटीची गणना येते का? राजपुत्र सुरू करतो: शंभर कोटी म्हणजे अयुत, शंभर अयुत म्हणजे नियुत, असे २३ टप्पे चढून तो तल्लक्षण या संख्येवर थांबतो. १ वर ५३ शून्ये. पृथ्वीवरच्या एकूण अणूंची संख्या १ वर ५० शून्यांच्या आसपास भरते. म्हणजे एका तल्लक्षणात शेकडो पृथ्व्यांतले अणू. नवऱ्या मुलाला पाढे विचारणारी ही परंपरा मला मनापासून आवडते.

अवतंसक सूत्राने तर शंभरपटीही सोडली. तिथे कोटीपासून निघायचे आणि दर पायरीला आधीच्या संख्येचा वर्ग करायचा. कोटीचा वर्ग, त्या वर्गाचा वर्ग, त्याचा पुन्हा वर्ग, असे १२२ वेळा. शेवटची संख्या १ वर किती शून्ये? ती शून्यांची संख्याच ३८ अंकी आहे. सेकंदाला एक कोटी शून्ये लिहिणारा लेखनिक बसवला, तर ती संख्या नुसती लिहून काढायला मोहरीचे पाच कल्प पुरत नाहीत. त्या संख्येचे नावच अनभिलाप्य, म्हणजे बोलता न येणारे, या शब्दाची पुनरुक्ती करून केले आहे. भाषा संपली तिथे तोच शब्द पुन्हा ठेवला.

मोठ्याकडे जाणारी वाट अशी, आणि लहानाकडे जाणारीही आहे. तिच्यावर विज्ञानाशी नाते जोडणाऱ्यांची फार गर्दी असते.

ललितविस्तरातला तोच राजपुत्र पुढे परमाणूचे माप सांगतो. सात परमाणुरज म्हणजे एक अणू, सात अणू म्हणजे एक त्रुटी, मग झरोक्यातल्या उन्हात दिसणारा धूलिकण, मग सशाच्या केसावरचा, मेंढीच्या, गाईच्या, मग लीख, मग मोहरी, मग जव, आणि सात जव म्हणजे बोटाचे एक पेर. दहा वेळा सातने गुणायचे. एका पेरात २८,२४,७५,२४९ परमाणू. पेर दोन सेंटिमीटरचे धरले तर परमाणूची रुंदी येते एका मिलिमीटरचा सुमारे दीड कोटीवा भाग. आधुनिक अणूचा आकार एका मिलिमीटरच्या कोटीव्या भागाच्या घरात असतो. झाले! बुद्धांना अणू ठाऊक होता, अशा घोषणेला एवढे पुरते, आणि ती घोषणा मी भाषणांत ऐकली आहे, पुस्तकांत वाचली आहे.

ही घोषणा तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, फोडणीचा डबा पुरतो. या साखळीत मोहरी आहे. सात मोहऱ्या म्हणजे एक जव, सात जव म्हणजे एक पेर. म्हणजे ४९ मोहऱ्या एका पेरात मावल्या पाहिजेत. ओट्यावर ४९ दाणे एका ओळीत मांडून पाहा. दाणा दीड-दोन मिलिमीटरचा असला तर ओळ सात ते दहा सेंटिमीटर लांब होते. बारीक राई घेतली तरी पाच सेंटिमीटर. जी कडी आपल्याला डोळ्यांनी पडताळता येते तीच चौपट चुकते, आणि जी पडताळता येत नाही ती बरोबर आली, याला योगायोग म्हणतात. सात हा आकडा त्या काळी प्रिय होता, पायऱ्या दहा होत्या. गुणाकार अणूजवळ जाऊन थांबला. त्रिसाहस्र-महासाहस्र लोकधातूचेही असेच. हजाराचा घन, म्हणजे शंभर कोटी सूर्यचंद्रांचे जग. ते अंगुत्तरनिकायात आहे आणि त्याच्या भव्यतेपुढे मान लवते. आपल्या आकाशगंगेत १० हजार ते ४० हजार कोटी तारे असल्याचा अंदाज आहे. म्हणून त्यांना आकाशगंगा दिसली होती असे म्हणायला जावे, तर त्यातल्या प्रत्येक जगाच्या मधोमध एक सुमेरू पर्वत आहे आणि भोवती चार द्वीपे.

हा मोह मला हानिकारक वाटतो. धर्माला विज्ञानाची शिफारसपत्रे जोडली की एक दिवस विज्ञान पत्र परत मागते, आणि त्या दिवशी धर्मातले जे खरोखर मोलाचे होते तेही संशयात सापडते.

एक चूक मला विशेष प्रिय आहे. पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग लिहिला. त्यात एका चक्रवालाची, म्हणजे एका विश्वाची मापे आहेत: आडवा विस्तार १२,०३,४५० योजने, परीघ ३६,१०,३५० योजने. भागाकार करून पाहा. उत्तर नेमके ३ येते. वर्तुळाचा परीघ व्यासाच्या तिपटीहून जास्त असतो, ३.१४१६ पट, हे त्याच शतकाच्या शेवटी, ४९९ साली, आर्यभटाने मांडले. त्या हिशेबाने परिघात १ लाख ७० हजार योजने कमी पडली. एवढी भिंत बांधायची राहून गेलेले विश्व.

या विसुद्धिमग्गाच्या पाठाची चिकित्सा करण्यात आयुष्याची कितीतरी वर्षे घातली ती गोव्यातल्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी. ‘बालबोध’ मासिकातल्या बुद्धचरित्राने ओढ लागून घर सोडलेला हा माणूस श्रीलंकेत जाऊन पाली शिकला आणि पुढे हेन्री वॉरन यांचे अपुरे राहिलेले संपादन पुरे करायला हार्वर्डला गेला. ती आवृत्ती छापून आली १९५० साली. धर्मानंद १९४७ मध्येच सेवाग्रामला वारले होते. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी गणिती. त्यांनी जनुकांमधले अंतर काढायचे जे सूत्र दिले ते आजही त्यांच्या नावाने वापरले जाते. एका घरात वडील प्राचीन पोथीतले एक अक्षर इकडचे तिकडे होऊ देत नव्हते आणि मुलगा गणितात काही गृहीत धरू देत नव्हता. श्रद्धा आणि विज्ञान यांच्या नात्याची याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

सुमेरूला रजा देण्याचे काम तिबेटी माणसांनीही केले आहे. १९३८ साली कालिंपोंगहून निघणाऱ्या ‘मेलोंग’ या तिबेटी वृत्तपत्रात गेंदुन चोफेल यांनी लेख लिहिला की पृथ्वी गोल आहे, आणि आपण अजून तिला सपाट म्हणत बसलो आहोत. चौदावे दलाई लामा लहानपणी पोटाला प्रासादातून तेराव्या दलाई लामांच्या दुर्बिणीने चंद्र पाहत. चंद्रावरच्या डोंगरांच्या सावल्या त्यांना दिसल्या आणि लक्षात आले की चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही. पोथीत मात्र तो स्वयंप्रकाशी होता. त्यांनी पोथीतले ते विधान सोडले. विज्ञानाने एखादी गोष्ट चुकीची असल्याचे निर्विवाद दाखवले तर बौद्धांनी विज्ञान मानावे, असे त्यांनी २००५ सालच्या आपल्या पुस्तकात लिहिले.

महाराष्ट्रात ही कसोटी त्याआधी अर्धशतक लागली होती. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धवचन ओळखण्यासाठी पहिला निकष ठेवला तो बुद्धीला पटण्याचा, आणि दुसरा माणसाच्या कल्याणाचा. कल्प, लोकधातू, चक्रवाल यांच्या आकड्यांना त्या धम्मात काही काम उरले नाही. पण आकडा म्हणून जो थक्क करतो तो तिथलाच. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध होते सुमारे अडीच हजार. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची दीक्षा झाली. १९६१ च्या जनगणनेत बौद्ध झाले सुमारे २७ लाख ९० हजार. दहा वर्षांत अकराशे पट. या एका वाढीला उपमा लागत नाही, कारण त्यातले प्रत्येक एक म्हणजे ‘मी बौद्ध’ असे गणकाला सांगणारे एक माणूस होते.

मग विज्ञानाने या धर्मात तपासायचे काय? मनाविषयीचे दावे. ते तपासता येतात. २००४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात रिचर्ड डेव्हिडसन यांच्या गटाने ध्यानसाधना करणाऱ्या बौद्धांच्या डोक्याला विद्युतअग्रे (इलेक्ट्रोड) लावून मेंदूच्या लहरी मोजल्या. करुणेच्या ध्यानात त्यांच्या मेंदूत गॅमा लहरी असाधारण तीव्र आढळल्या. त्यांची साधना होती १० हजार ते ५० हजार तासांची. रोज आठ तास बसले तर ५० हजार तासांना १७ वर्षे लागतात. साधकांची संख्या मात्र आठ. एका रिक्षात कोंबून बसवता येतील इतकी माणसे. साधनेने मेंदू बदलला, की मुळात तसा मेंदू असलेली माणसेच साधनेकडे वळली, हे आठ जणांवरून ठरत नाही. तरीही मला कल्पाच्या वीस-बावीस शून्यांपेक्षा हा आठ मोलाचा वाटतो, कारण त्याला उद्या ऐंशी करता येईल आणि तो खोटाही ठरू शकेल.

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एक लेख कोरलेला आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने भिक्खुसंघाला ३,००० कार्षापण दिले आणि ते गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. त्यातले २,००० दरमहा शेकडा एक दराने. पावसाळ्यात या लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना त्यातून चीवरासाठी प्रत्येकी बारा. समुद्राएवढी आसवे आणि मोहरीची नगरे ऐकत आलेल्या संघाचाच हा हिशेब, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा. आपणही करून पाहू. २,००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्खू, बारा-बारा कार्षापण, २४०. एक कार्षापण उरत नाही, एक कमी पडत नाही. त्या लेखात लेण्याला शब्द आहे तो लेणेच, आणि दोन हजारांतला दोन कोरला आहे ‘बे’ असा, पाढ्यात आपण म्हणतो तोच बे.